फोनमधलं छोटं लिनक्स: अल्पाइनमध्ये नेहमीच्या कमांड कशा बसवायच्या?

लिनक्स शिकायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो लॅपटॉपचा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि सध्या मोहर्लीतून काम करतो. मोहर्ली म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातलं, ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गेटचं गाव. इथली कॉलेजात जाणारी पोरं मला हमखास विचारतात, "भाऊ, लॅपटॉप नाही तर हे शिकाव कसं?" माझं उत्तर ठरलेलं आहे: हातातला अँड्रॉइड फोन पुरेसा आहे. त्यात अल्पाइन नावाचं छोटंसं लिनक्स बसतं. सर्व्हरच्या जगात अल्पाइन रोज वापरलं जातं, त्यामुळे फोनवर शिकलेलं पुढे नोकरीतही कामी येतं.

फक्त एक अडचण येते. अल्पाइन सुरू केल्यावर पुस्तकात किंवा व्हिडिओत पाहिलेल्या निम्म्या गोष्टी चालत नाहीत. "नॉट फाउंड" येतं आणि अनेक जण तिथेच सोडून देतात. हा लेख त्या "नॉट फाउंड"च्या पुढे जाण्यासाठी आहे. काय नसतं, का नसतं आणि कमीत कमी डेटा खर्च करून ते कसं बसवायचं, हे क्रमाने पाहूया.

कमांड कशा वाचायच्या?

या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत लिहायच्या. आकडेही इंग्रजी कीबोर्डवरचे वापरायचे. डॅश, स्लॅश, डॉट ही चिन्हं जशी दिसतात तशीच टाकायची. जिथे स्पेलिंग चुकू शकतं तिथे ते सुटं करून दिलं आहे.

मिनिमल सिस्टिम म्हणजे नेमकं काय?

आपण "लिनक्सच्या कमांड" म्हणतो त्या खरं तर वेगवेगळे छोटे प्रोग्राम असतात. फाइलींची यादी दाखवणारा एलएस, शब्द शोधणारा ग्रेप, क्रम लावणारा सॉर्ट. मोठ्या लिनक्समध्ये, म्हणजे उबुंटू किंवा डेबियनमध्ये, हे प्रोग्राम बहुतेक ग्नू प्रकल्पाचे असतात. त्यांत पुष्कळ सोयी असतात, त्यामुळे ते आकारानेही मोठे असतात.

अल्पाइन वेगळा रस्ता घेतं. त्यात या सगळ्यांच्या जागी बिझीबॉक्स नावाचा एकच प्रोग्राम असतो. साधारण एक एमबीच्या या एका फाइलमध्ये तीनशेच्या आसपास कमांड कोंबलेल्या असतात. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये बिझीबॉक्स सुरू केला तो डेबियनच्या इन्स्टॉलेशन फ्लॉपीसाठी. १.४४ एमबीच्या फ्लॉपीत पूर्ण कामचलाऊ सिस्टिम बसवायची होती. जागा वाचवायची तर प्रत्येक कमांडमधल्या कमी वापरल्या जाणाऱ्या सोयी गाळाव्या लागणार. तेच झालं.

सफारीला जाताना आपण पाण्याची बाटली, टोपी आणि दुर्बीण घेतो, घरातलं कपाट सोबत नेत नाही. बिझीबॉक्स म्हणजे तसली पाठीवरची सॅक. रोजचं काम भागतं, पण एखाद्या दिवशी कपाटातली वस्तू लागतेच. ती तेवढी आणायची म्हणजे पॅकेज बसवायचं.

तुमच्या अँड्रॉइडमध्येही हेच आहे बरं का. अँड्रॉइड ६.० पासून, म्हणजे २०१५ पासून, फोनच्या आत रॉब लँडली यांचा टॉयबॉक्स असतो. तोही एकाच फाइलमध्ये अनेक कमांड देणारा प्रोग्राम आहे. म्हणजे मिनिमल सिस्टिम तुमच्या खिशात आधीपासून होतीच, फक्त दिसत नव्हती.

तयारी: टर्मक्स आणि अल्पाइन

पहिलं ॲप लागतं टर्मक्स. हे फोन रूट न करता टर्मिनल देतं. अँड्रॉइड ७ किंवा त्यापुढचा फोन हवा. टर्मक्स शक्यतो एफ-ड्रॉइड या मुक्त सॉफ्टवेअरच्या स्टोअरमधून घ्या. प्ले स्टोअरवरची आवृत्ती वेगळी आहे आणि तिला काही मर्यादा आहेत. एफ-ड्रॉइडसाठी ब्राउजरला "अनोळखी ॲप इन्स्टॉल" करायची परवानगी द्यावी लागते. काम झालं की ती लगेच बंद करा.

टर्मक्स उघडल्यावर हे क्रमाने चालवा:

पीकेजी अपडेट
पीकेजी इन्स्टॉल पीरूट-डिस्ट्रो
पीरूट-डिस्ट्रो इन्स्टॉल अल्पाइन
पीरूट-डिस्ट्रो लॉगइन अल्पाइन

पीरूट-डिस्ट्रोचं स्पेलिंग: पी आर ओ ओ टी, डॅश, डी आय एस टी आर ओ. अल्पाइनचं: ए एल पी आय एन ई. अल्पाइनची मूळ फाइल फक्त चार एमबीच्या आसपास असते. शेवटच्या कमांडनंतर तुम्ही अल्पाइनच्या आत असता. तिथे तुम्ही रूट दिसता, पण ते फक्त या छोट्या जगापुरतं आहे. फोनची सिस्टिम तुमच्या ताब्यात येत नाही आणि वॉरंटीलाही धक्का लागत नाही. पीरूट मधे बसून भाषांतर करतं म्हणून वेग थोडा कमी वाटेल. शिकण्यासाठी तो पुरतो.

आधी बघा काय आहे, मग बसवा

अनेक जण आल्या आल्या दहा पॅकेजं टाकतात. तसं करू नका. आधी हे चालवा:

एलएस -एल /बिन/एलएस

उत्तरात शेवटी एक बाण दिसेल आणि बाणापुढे बिझीबॉक्स. म्हणजे एलएस हा वेगळा प्रोग्राम नाही, ती बिझीबॉक्सकडे बोट दाखवणारी पाटी आहे. नुसतं "बिझीबॉक्स" टाइप केलं तर त्यातल्या सगळ्या कमांडची यादी येते. ती एकदा नीट वाचा, आहे ते किती आहे हे कळेल.

आता काहीही न बसवता एक काम करून पाहू. समजा, तुमचा एखादा गाइड मित्र रोज दिसलेल्या प्राण्यांची नोंद ठेवतो. फाइल बनवायला "कॅट > नोंद.टीएक्सटी" टाइप करा (नोंद: एन ओ एन डी), मग या ओळी लिहा:

०३-११,वाघ,तेलिया
०३-११,अस्वल,जामनी
०४-११,वाघ,पांढरपौनी
०५-११,गवा,जामनी

एंटर दाबून वरच्या पट्टीतल्या कंट्रोलसोबत डी दाबा, फाइल सेव्ह होते. मराठी टाइप करताना अडलं तर टर्मक्सच्या खालच्या बटणांच्या पट्टीवर डावीकडे स्वाइप करा. लिहायची चौकट उघडते आणि तिथे नेहमीचा मराठी कीबोर्ड चालतो. आता हे:

कट -डी, -एफ२ नोंद.टीएक्सटी | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आरएन

युनिकचं स्पेलिंग यू एन आय क्यू, शेवटी यू-ई नाही. मधली उभी रेघ म्हणजे पाइप. एका कमांडचं उत्तर ती पुढच्या कमांडच्या हातात देते. पडद्यावर वाघ २, बाकीचे प्रत्येकी १ असं येईल. चार ओळींऐवजी अख्ख्या हंगामाच्या चार हजार ओळी असल्या तरी कमांड हीच. ही ताकद बिझीबॉक्समध्येच आहे, त्यासाठी एक एमबीही डाउनलोड करावं लागलं नाही.

मग अडतं कुठे?

अडतं ते बारीक सोयींवर. ताडोबाच्या कोअर भागातली सफारी दर मंगळवारी बंद असते. पुढचा मंगळवार किती तारखेला, हे विचारून पाहू:

डेट -डी "नेक्स्ट ट्यूसडे"

बिझीबॉक्सचा डेट म्हणतो, "इनव्हॅलिड डेट". त्याला २०२५-११-०४ अशी सरळ तारीख कळते, "पुढचा मंगळवार" कळत नाही. ग्नूच्या डेटला कळतो. तो कोअरयूटिल्स नावाच्या पॅकेजमध्ये असतो. स्पेलिंग: सी ओ आर ई यू टी आय एल एस.

एपीके अपडेट
एपीके ॲड कोअरयूटिल्स

पुन्हा डेटची तीच कमांड द्या. आता तारीख येते. एलएस -एल /बिन/एलएस पुन्हा चालवलं तर बाणही आता बिझीबॉक्सकडे नाही. पाट्या नव्या प्रोग्रामकडे वळल्या. कोअरयूटिल्स काढून टाकलं (एपीके डेल कोअरयूटिल्स) की त्या परत बिझीबॉक्सकडे वळतात. काहीच मोडत नाही, म्हणून बिनधास्त करून पाहा.

इथे एक गोंधळ टाळा. अल्पाइनचा एपीके म्हणजे पॅकेज बसवणारी कमांड. अँड्रॉइड ॲपच्या फाइलीलाही एपीके म्हणतात. नाव सारखं आहे, पण या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

कोणती गोष्ट कुठल्या पॅकेजमध्ये?

ही यादी सेव्ह करून ठेवा. प्रत्येकाआधी "एपीके ॲड" लावायचं.

• कोअरयूटिल्स: एलएस, सीपी, सॉर्ट, डेट, कट अशा रोजच्या कमांडचं पूर्ण ग्नू रूप.
• ग्रेप (जी आर ई पी): बिझीबॉक्सचा ग्रेप "-पी" हा मोठ्या पी-चा ऑप्शन घेत नाही. इंटरनेटवरच्या बऱ्याच उदाहरणांत तो असतो.
• फाइंडयूटिल्स: फाइंड आणि एक्सआर्ग्स यांच्या जास्तीच्या सोयी.
• सेड आणि गॉक (जी ए डब्ल्यू के): मजकूर बदलण्यासाठी आणि रकान्यांवर काम करण्यासाठी.
• प्रॉक्प्स (पी आर ओ सी पी एस): पीएस आणि टॉप यांचं पूर्ण रूप. फोनवर अँड्रॉइड बरीच माहिती लपवतं, म्हणून इथे याचा उपयोग मर्यादित. सर्व्हरवर मात्र लागतंच.
• यूटिल-लिनक्स: डिस्क आणि सिस्टिमची माहिती देणाऱ्या कमांडचा गट.
• बॅश: अल्पाइनचा नेहमीचा शेल ॲश आहे. बॅशसाठी लिहिलेली स्क्रिप्ट तिथे "नॉट फाउंड" देते, कारण बॅशच नसतो.
• नॅनो: सोपा एडिटर. व्हीआय आधीपासून असतो, पण नवख्याला त्यातून बाहेर पडणंही जमत नाही.
• मॅनडॉक आणि मॅन-पेजेस: "मॅन" ही मदतीची कमांड. सोबत "डॉक्स" टाकलं तर बसवलेल्या पॅकेजांची माहितीपानंही येतात. नेट नसताना हाच गुरू.
• बिल्ड-बेस: सी भाषेचा कंपायलर वगैरे. हे शंभर एमबीच्या बरंच पुढे जातं, म्हणून खरंच लागलं तरच.

नाव आठवत नसेल तर "एपीके सर्च" आणि पुढे शब्द. एखादी कमांड कुठल्या पॅकेजची हे बघायला:

एपीके इन्फो --हू-ओन्स /बिन/डेट

ही सवय लावा. "हे कुठून आलं?" याचं उत्तर प्रत्येक कमांडबद्दल देता आलं, की सिस्टिम तुम्हाला समजली.

घड्याळ साडेपाच तास मागे?

अल्पाइनमध्ये टाइमझोनची माहितीही वेगळी बसवावी लागते. डेट टाकल्यावर यूटीसी दिसत असेल तर सकाळी सहाची सफारी तुमच्या नोंदीत मध्यरात्री साडेबाराला पडेल. उपाय:

एपीके ॲड टीझेडडेटा
एक्सपोर्ट टीझेड=एशिया/कोलकाता

टीझेड मोठ्या अक्षरांत, एशिया आणि कोलकाता यांचं पहिलं अक्षर मोठं. दर वेळी टाइप करायचं नसेल तर ही एक्सपोर्टची ओळ घरच्या फोल्डरमधल्या ".प्रोफाइल" फाइलमध्ये लिहून ठेवा.

नेटवर्क नसलेल्या गावासाठी

हा भाग मोहर्लीसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी दोनदा वाचावा. जंगलाच्या कडेला एका खोलीत नेटवर्क असतं आणि शेजारच्या खोलीत नसतं. अशा ठिकाणी तेच पॅकेज चार जणांनी चारदा डाउनलोड करण्यात अर्थ नाही. अल्पाइनमध्ये यावर सोय आहे, तिला कॅश म्हणतात. ती एकदाच चालू करायची:

एलएन -एस /व्हार/कॅश/एपीके /ईटीसी/एपीके/कॅश

कॅशचं स्पेलिंग: सी ए सी एच ई. व्हारचं: व्ही ए आर. यानंतर बसवलेलं प्रत्येक पॅकेज त्या फोल्डरमध्ये शिल्लक राहतं. चंद्रपूरला गेलात की चांगल्या नेटवर्कवर लागतील ती पॅकेजं एकदा बसवून घ्या. आधीच बसवलेली असतील तर "एपीके कॅश डाउनलोड" टाका, उरलेल्या फाइली येतात.

मग तो फोल्डर मित्राला द्या. टर्मक्समध्ये "टर्मक्स-सेटअप-स्टोरेज" चालवून परवानगी दिली की अल्पाइनमधून फोनचं डाउनलोड फोल्डर दिसतं. तिथे फाइली कॉपी करा, ब्लूटूथ किंवा जवळच्या शेअरिंगने पाठवा. मित्राने त्या आपल्या अल्पाइनच्या त्याच कॅश फोल्डरमध्ये टाकायच्या, तीच एलएनची ओळ चालवायची, आणि मग:

एपीके ॲड --नो-नेटवर्क कोअरयूटिल्स

दोन अटी आहेत. दोघांचं अल्पाइन एकाच आवृत्तीचं हवं आणि प्रोसेसरचा प्रकार एकच हवा. प्रकार "यूनेम -एम" सांगतं. आजकालचे बहुतेक फोन एआर्च६४ असतात, काही जुने स्वस्त फोन ३२ बिटचे निघतात. पॅकेजांवर अल्पाइनची डिजिटल सही असते आणि एपीके ती तपासतं. मधे कुणी फाइलीत काही घुसवलं तर ती बसतच नाही. म्हणून हातोहात वाटलेलं पॅकेजही सुरक्षित राहतं. पण "--अलाऊ-अनट्रस्टेड" हा ऑप्शन कुणी सांगितला तर वापरू नका, त्याने ही तपासणीच बंद होते.

फाइल समोर आहे, तरी "नॉट फाउंड"?

हा प्रकार भल्याभल्यांना चक्रावतो. इंटरनेटवरून एखादा तयार प्रोग्राम आणला, एलएसमध्ये दिसतोय, चालवला की "नॉट फाउंड". कारण असं: बहुतेक तयार प्रोग्राम जीलिबसी या ग्नूच्या मूळ लायब्ररीसाठी बनवलेले असतात. अल्पाइन २०१४ पासून मसल ही लहान लायब्ररी वापरतं. प्रोग्रामला सुरू करणारा मदतनीसच जागेवर नसतो. "नॉट फाउंड" त्या मदतनीसाबद्दल असतं, तुमच्या फाइलीबद्दल नाही. आधी तोच प्रोग्राम "एपीके सर्च"ने अल्पाइनच्या भांडारात शोधा. नसेल तर जीकॉम्पॅट हे पॅकेज टाकून पाहा, काही प्रोग्राम त्याने चालतात. तेही जमलं नाही तर पीरूट-डिस्ट्रोने डेबियन बसवा. तो मोठा आहे, पण तिथे ही अडचण येत नाही.

चार गोष्टी सांभाळा

१. अल्पाइनमधला रूट नकली असला तरी स्टोरेजची परवानगी दिली असेल तर तुमचे फोटो खरे आहेत. आरएम कमांडने उडवलेला फोटो रिसायकल बिनमध्ये जात नाही.

२. व्हॉट्सॲपवर किंवा व्हिडिओखाली आलेली कमांड न समजता पेस्ट करू नका. विशेषतः कर्लने काहीतरी आणून पाइपमधून थेट एसएचला देणारी. आधी फाइल उतरवा, वाचा, मग चालवा.

३. टर्मक्स ॲप काढलं की आतलं सगळं जातं. "/ईटीसी/एपीके/वर्ल्ड" या फाइलीत तुम्ही स्वतः बसवलेल्या पॅकेजांची यादी असते. ती डाउनलोड फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा. नव्या फोनवर त्याच यादीवरून सगळं परत उभं करता येतं.

४. अँड्रॉइड १२ पासून सिस्टिम मागे चाललेल्या जास्तीच्या प्रक्रिया बंद करते. मोठं काम अचानक थांबलं तर हे कारण आधी तपासा, आणि टर्मक्सला बॅटरीच्या बचतीतून सूट द्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*सगळी ग्नू पॅकेजं टाकूनच घेतली तर?* चालेल, पण मग अल्पाइन घेतलं कशाला? कंपन्या सर्व्हरवर अल्पाइन वापरतात ते आकार लहान राहावा म्हणूनच. जेवढे प्रोग्राम कमी तेवढ्या अपडेट कमी आणि बिघडायच्या जागाही कमी. "हे लागतं का?" असं विचारून बसवायची सवय तिथेही मोलाची ठरते.

*टर्मक्समध्येच बऱ्याच कमांड आहेत, मग अल्पाइन का?* नुसती कामं करायची असतील तर टर्मक्स पुरेसं आहे, त्यात कोअरयूटिल्स आधीच असतं. पण टर्मक्सचे रस्ते अँड्रॉइडच्या चौकटीतले आहेत. /बिन, /ईटीसी ही लिनक्सची नेहमीची रचना अल्पाइनमध्ये हाताखालून जाते, आणि डॉकर वापरणाऱ्या टीममध्ये हीच सिस्टिम समोर येते.

*हे शिकून नोकरी लागते का?* फक्त एवढ्यावर नाही. पण "सर्व्हरवर बॅश नाही, स्क्रिप्ट का चालत नाही?" हा खऱ्या कामातला प्रश्न आहे. त्याचं उत्तर तुम्हाला आता माहीत आहे.

*किती डेटा जाईल?* बसवल्यावर एपीके शेवटच्या ओळीत एकूण किती एमबी आणि किती पॅकेजं झाली ते सांगतं. ती ओळ दर वेळी वाचा, अंदाज आपोआप येतो.

आज एवढंच करा: अल्पाइन बसवा, बिझीबॉक्सची यादी वाचा, नोंदीची फाइल बनवून मोजणी करा. त्यानंतर ज्या कमांडवर अडाल तिचंच पॅकेज बसवा, एका वेळी एक.